हात मी वर केला

भूपाल पडला तेव्हा मी मैदानाच्या कडेला बांबूला टेकून तंबाखू मळत होतो. दुसऱ्या हीटचा, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीचा, चौथा लॅप चालू होता. तिसऱ्या वळणावर आदल्या दिवशी टँकरनं पाणी मारलं होतं आणि तिथला एक पट्टा काही वाळला नव्हता. पुढचं चाक नेमकं तिथं घसरलं, गाडी आडवी झाली आणि भूपाल तिच्यावरून पलीकडं फेकला गेला. डोकं आधी टेकलं. मागून येणाऱ्या दोघांनी कशाबशा गाड्या बाजूनं काढल्या.

मी पळालो. माझा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड आहे, त्यामुळं मी पळायला लागलो की बघणारे हसतात. त्या दिवशीही हसले असतील. माझं तिकडं लक्ष नव्हतं.

आमच्या मातीच्या शर्यतीत एक रिवाज होता. पडलेल्या गड्यानं हात वर करायचा. हात वर गेला की वळणावरचा माणूस पिवळा झेंडा खाली घेतो, लोक टाळ्या वाजवतात, शर्यत पुढं चालू. हात वर गेला नाही तर लाल झेंडा, मग डॉक्टर, मग ॲम्ब्युलन्स. आणि एकदा डॉक्टरनं ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं की त्या दिवशी परत गाडीवर बसायचं नाही. क्लब बाकी कितीही ढिला असला तरी ह्या बाबतीत कुणाचं ऐकत नव्हता.

भूपाल उताणा पडलेला. हेल्मेटच्या काचेतून त्याचे डोळे उघडे दिसत होते, पण ते माझ्याकडं बघत नव्हते. मी म्हणालो, "भूपाल, हात." तो हलला नाही. परत म्हणालो. काही नाही. डॉक्टर खुर्चीवरून उठून इकडं बघत उभे राहिलेले मला दिसले. मी त्यांच्याकडं पाठ करून गुडघ्यावर बसलो, भूपालच्या कोपराखाली माझा हात घातला, मनगट धरलं आणि त्याचा हात वर केला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असणार, मी त्याला उठवतोय आणि तो हात दाखवतोय. टाळ्या पडल्या. झेंडा खाली गेला. डॉक्टर परत खुर्चीवर बसले. त्यानंतर बऱ्याच वेळानं भूपालनं डोळे मिटून उघडले आणि म्हणाला, "वस्ताद, गाडी?"

मला वाटलं, चला, जमलं.

ही दोन हजार एक सालातल्या जानेवारीची गोष्ट. पेठवडगावच्या अलीकडं एका माळावर शर्यत होती. मी इलाही मुजावर, जयसिंगपुरात एसटी स्टँडच्या मागं माझं गॅरेज. भूपाल मगदूम त्याच गल्लीतला, त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी. तेविसाव्या वर्षी पोरगं गाडी अशी चालवायचं, की इंजिन मी बांधलंय का त्यानं, असं मलाच वाटायचं. शंभर सीसीची टू-स्ट्रोक गाडी, पण सायलेन्सरपासून हँडलपर्यंत सगळं मी बदललेलं. त्या दिवशी पुण्याच्या एका टीमचे आगाशे म्हणून साहेब आले होते. त्यांना मद्रासच्या डांबरी ट्रॅकसाठी एक पोरगा निवडायचा होता आणि त्या पोराबरोबर त्याचा मेकॅनिकही न्यायचा होता. म्हणजे मी. पहिली हीट भूपालनं जिंकली होती, फायनलमध्ये जागा पक्की होती. फक्त तीन वाजता गाडीवर बसायचं होतं.

माझ्याबद्दल एक सांगतो, नाहीतर तुम्हाला मी नुसताच हलकट वाटेन. हलकटपणा होताच, पण त्याला एक मागची गोष्ट होती. पंच्याऐंशी साली मी स्वतः असाच एका माळावर पडलो. लागलं काही नव्हतं, नुसतं गरगरत होतं, म्हणून हात वर करायचं सुचलं नाही. डॉक्टरनं ॲम्ब्युलन्समध्ये नेऊन बसवलं आणि फायनल मी आतल्या खिडकीतून बघितली. त्या वेळीही असेच कुणीतरी बघायला आले होते, ते दुसऱ्याला घेऊन गेले. पुढं दोन वर्षांनी रस्त्यावर एका दुधाच्या गाडीनं पाय मोडला आणि माझं चालवणंच संपलं. त्या पडण्यातून मी शिकलो काय, तर काहीही होवो, हात वर जायला पाहिजे. भूपालला मी चावी हातात देण्याआधी हे शिकवलं होतं.

तर, भूपालला मी आमच्या ताडपत्रीखाली आणून बसवला. हेल्मेट काढलं, पाणी दिलं. त्यानं विचारलं, "वस्ताद, फायनल किती वाजता हाय?" मी म्हणालो, तीनला. मी गाडीचं वाकडं झालेलं हँडल सरळ करायला लागलो. थोड्या वेळानं त्यानं परत विचारलं, फायनल किती वाजता. मी परत सांगितलं. त्यानं हातमोजे काढले, परत घातले, आणि तिसऱ्यांदा तेच. मी तसा चिडका माणूस. म्हणालो, "कानात बोळे घातलेत काय रे? तीनला." तो बारीक तोंड करून गप्प बसला. मग उठून टेम्पोच्या मागं गेला आणि भडभडून ओकला. मी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि ऊन लागलं असेल म्हणालो. जानेवारीतलं कोवळं ऊन ते, ते कुणाला लागतंय? पण मी म्हणालो आणि माझं मलाच ते पटलं.

त्याची थोरली बहीण राजमतीताई त्या दिवशी पहिल्यांदाच शर्यत बघायला आली होती. बहीण कसली, आईच म्हणायची. आई गेली तेव्हा भूपाल सात वर्षांचा होता, ताईंनीच त्याला वाढवला. लग्न होऊन उदगावला गेल्या, तिथंच शाळेत शिक्षिका होत्या, त्यांना सहा वर्षांची मुलगी होती, सुनयना. भूपालचा हा नाद त्यांना अजिबात पसंत नव्हता. एकदा येऊन बघ, मग काय बोलायचं ते बोल, असं म्हणून त्यानंच त्यांना आणलं होतं. त्या माणसांमधून वाट काढत ताडपत्रीपाशी आल्या. चेहरा पांढरा पडलेला.

"इलाहीभाऊ, त्यानं हात वर केला म्हणजे तो बरा आहे ना? तिकडं सगळे तसंच म्हणत होते."

"व्हय ताई," मी म्हणालो. "हात वर गेला म्हणजे बरा."

त्यांनी डब्यातली दशमी भूपालला दिली. त्यानं ती हातात धरली, खाल्ली नाही.

फायनल भूपालनं जिंकली. कशी जिंकली ते मला आजही सांगता येणार नाही. एकही चूक नाही. तिसऱ्या वळणावर तर तो इतका आतून आला की आगाशे खुर्चीवरून उठले. माणसाचं डोकं ठिकाणावर नसलं तरी हातपाय शिकलेलं काम करत राहतात, हे मला नंतर एका डॉक्टरनं सांगितलं. त्या वेळी मला फक्त एवढंच दिसत होतं की माझं इंजिन पहिलं आलंय. मी रडलो. चाळीस वर्षांचा बाप्या, माळावर उभा राहून पोरासारखा रडलो.

कप घेऊन भूपाल आमच्याकडं आला. आगाशेंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. भूपालनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "वस्ताद, फायनल किती वाजता हाय?"

कप त्याच्या हातात होता. मी मोठ्यानं हसलो, पोरगं चेष्टेखोर आहे साहेब, म्हणालो. आगाशे हसले. भूपालही हसला, सगळे हसतायत म्हणून. राजमतीताई हसल्या नाहीत.

पाच वाजत आले होते. ताई व्रत काटेकोर पाळायच्या, सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायच्या नाहीत, त्यामुळं निघायची घाई होती. शर्यतीची गाडी मी टेम्पोत चढवून बांधली. भूपालची रस्त्यावरची गाडी वेगळी, तिच्यावरून दोघं बहीणभाऊ सकाळी आले होते. टेम्पोच्या केबिनमध्ये माझ्याशेजारी एकाची जागा, तिथं आगाशे. त्यांना मिरजेला पुण्याची गाडी पकडायची होती आणि वाटेत मद्रासचं सगळं बोलून घेऊ, असं ठरलं होतं. निघताना राजमतीताईंनी मला बाजूला बोलावून एक विचारलं. मी उत्तर दिलं. त्या क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या, मग जाऊन भूपालच्या मागं बसल्या. काय विचारलं ते मी पुढं अठरा वर्षं कुणाला सांगितलं नाही.

भूपाल पुढं, मी मागं. हातकणंगले मागं पडलं. आगाशे डांबरी ट्रॅकबद्दल सांगत होते, टायर कसले, पोरांना कुठं ठेवतात, मेकॅनिकला काय शिकवतात. मी ऐकत होतो आणि मध्येच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. भूपाल चाळीसनं चालला होता. सरळ मोकळा रस्ता, आणि भूपाल चाळीसनं. ताई मागं बसल्यात म्हणून असेल, मी मनाशी म्हणालो. ताईंनी पदर कमरेला खोचला होता आणि डब्याची पिशवी मांडीवर धरली होती.

पुढं डाव्या बाजूला उसाची ट्रॉली उभी होती. टायर बसलेला, मागं दगड लावलेले. उजेड होता अजून, ट्रॉली लांबून दिसत होती. भूपालची गाडी हळूहळू डावीकडं सरकायला लागली. मागचा लाल दिवा लागला नाही, म्हणजे त्यानं ब्रेकला हातसुद्धा लावला नव्हता. मी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. भूपालची मान छातीवर पडलेली मला दिसली. ताईंनी त्याचा खांदा धरून हलवला. आणि गाडी ट्रॉलीत गेली.

पुढचं फार सांगवत नाही. आगाशेंनी आणि मी दोघांना टेम्पोच्या हौद्यात घातलं. शर्यतीची गाडी दोऱ्या कापून रस्त्यावर ढकलून दिली. आगाशे मागं बसले, भूपालचं डोकं मांडीवर धरून. मी मिरजेपर्यंत टेम्पो कसा हाणला ते मला माहीत नाही. पोचलो तेव्हा राजमतीताई गेल्या होत्या.

भूपालला ऑपरेशनला घेतलं. त्याआधी तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. तरुण होते, शांतपणे बोलायचे. धडकायच्या आधीच मान पडली होती असं मी बोलून गेलो होतो, ते त्यांनी पकडलं. त्यांनी विचारलं, हा आज आधी कुठं पडला होता का? उलटी झाली होती? एकच गोष्ट परत परत विचारत होता? मग त्यांनी समजावून सांगितलं, की कधीकधी डोक्याच्या आत बारीक रक्त येत राहतं. माणूस चालतो, बोलतो, काम करतो, आणि काही तासांनी एकदम कोसळतो. आधी आणला असता तर सोपं असतं.

मी म्हणालो, "न्हाई साहेब. तसं काही झालं न्हाई."

का म्हणालो? भ्यालो म्हणून. दुसरं काही कारण नाही. बाहेर बाकड्यावर राजमतीताईंचे मालक बाबगोंडा पाटील बसले होते आणि ताई गेल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

भूपाल अकराव्या दिवशी शुद्धीवर आला. तो आख्खा दिवस त्याच्या डोक्यातून पुसून गेला होता. सकाळी ताईंना मागं बसवून उदगावातून निघाल्याचं आठवत होतं, त्यानंतर दवाखान्याचं छत. शर्यत नाही, कप नाही, ट्रॉली नाही. बाकीचं गावानं त्याला सांगितलं. जिंकल्याची मस्ती चढली, कप मिरवत सुसाट निघाला आणि बहिणीला मारली. पोलिसांनीही कागदावर भरधाव वेग लिहिला आणि मी तो खोडून काढला नाही. आगाशे पुण्याला गेले ते गेलेच, जबाबालाही आले नाहीत. बाबगोंडांनी भूपालला निरोप पाठवला, माझ्या दारात पाऊल टाकू नकोस, आणि माझ्या पोरीच्या नजरेला पडू नकोस.

त्यानं परत गाडीला हात लावला नाही. गिरणीत बसायला लागला. कुठंही जायचं तर चालत जायचा. आणि रोज संध्याकाळी गिरणी बंद करून, कानाला पीठ लागलेलं तसंच, माझ्या गॅरेजात येऊन बसायचा. लग्न केलं नाही. दोन-चार महिन्यांतून एकदा तरी विचारायचा, "वस्ताद, तुमी तर मागंच होता. मी लई जोरात होतो काय?" मी न्हाई म्हणायचो. आणखी काहीतरी समजुतीचं बोलायचो आणि चहा मागवायचो. सांगायचं म्हणून कितीदा तरी जिभेपर्यंत आलं. मग वाटायचं, आता सांगून काय होणार, ताई काय परत येणारायत? असं म्हणता म्हणता अठरा वर्षं गेली.

सुनयनाचं लग्न ठरलं ते मला भूपालकडूनच कळलं. तो त्या दिवशी दुपारीच आला, काखेत एक पुडकं घेऊन. मांडव घालायला सुरुवात झालीय, म्हणाला. नवरीला धरून उभं राहायला बाबगोंडांनी कुठल्या तरी लांबच्या नात्यातला मामा ठरवलाय, हेही त्याला कळलं होतं. हे सांगताना त्याचा आवाज सरळ होता. मग त्यानं पुडकं उघडलं. आत पिवळी साडी होती, मामाकडून नवरीला जाते ती.

"ही कुणाकडनं तरी पोचती करा," तो म्हणाला. "माझं नाव सांगू नका. नाहीतर घ्यायची न्हाई ती."

मी साडीकडं बघत राहिलो. त्याच्या हाताच्या रेघांत पीठ बसलं होतं आणि साडीला लागू नये म्हणून त्यानं ती कागदासकट धरली होती. मला ते सोसलं नाही. हातातला पाना मी खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. हात मी वर केला ते सांगितलं. तीन वेळा फायनलची वेळ विचारली, ओकला, कप हातात घेऊन परत विचारलं, ते सांगितलं. चाळीसचा वेग सांगितला. मिरजेच्या डॉक्टरला मी काय बोललो ते सांगितलं.

मी संपवल्यावर त्यानं विचारलं, "ताई कशी काय बसली मग? तिला कळलं न्हाई?"

"कळलं होतं," मी म्हणालो. "निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, इलाहीभाऊ, मला ह्याचं ठीक दिसत नाही. गाडी इथंच राहू दे, आम्ही दोघं तुमच्या टेम्पोत येतो."

"मग?"

"मी म्हणालो, टेम्पोत जागा न्हाई ताई. बसा बिनधास्त."

भूपाल बराच वेळ साडीचा कागद परत घडीवर बसवत होता. तो काही केल्या नीट बसत नव्हता.

"आख्ख्या गावात एकटे तुमीच म्हणायचा, भूपाल, तुझी चूक न्हाई," तो म्हणाला. "मला वाटायचं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस." मग तो उठला. "चला. उदगावला जाऊ."

तो चालतच निघाला. मी गाडी काढतो म्हणालो, त्यानं ऐकलंच नाही. साठीला आलेला मी, आखूड पाय ओढत त्याच्या मागून चालत राहिलो. पाय भरून आला तरी तो थांबला नाही आणि मीही थांब म्हणालो नाही.

बाबगोंडांच्या दारात मांडवाचे बांबू रोवत होते. भूपाल गल्लीतच थांबला, पुडकं छातीशी धरून. त्या घराकडं त्यानं तोंडही केलं नाही. मी आत गेलो. बाबगोंडा मला बघून उठले आणि त्यांच्या हाकेनं सुनयना बाहेर आली. हुबेहूब आई, तीच उभी राहायची तऱ्हा, तेच कपाळ. हळदीच्या आधीची पोरगी, हातात बांगड्या भरलेल्या. मी बस म्हणायची वाट बघितली नाही. उभ्यानं सगळं सांगितलं, भूपालला सांगितलं त्याच क्रमानं, काही गाळलं नाही. बांबू रोवणारे गडी थांबले. बाबगोंडा खाली ओट्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांत डोकं धरलं. म्हणाले, "अठरा वर्षं मी त्या पोराला शिव्या दिल्या." एवढंच म्हणाले.

सुनयना रडेल, मला शिव्या घालेल, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्याकडं बघत राहिली, विद्यार्थ्याचं गणित कुठं चुकलंय ते शोधणाऱ्या बाईंसारखी.

"काका," ती म्हणाली, "टेम्पोत जागा नाही म्हणालात ना आईला?"

"व्हय."

"मग मिरजेला आईला कशातनं नेलं?"

बाबगोंडांनी मान वर केली.

"टेम्पोतनंच," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग माझ्या बाजूनं ती गल्लीत गेली आणि मामाला हाताला धरून आत घेऊन आली. मी मांडवात तसाच उभा होतो. मला कुणी बस म्हणालं नाही आणि कुणी जा पण म्हणालं नाही.